तो हात कोणाचा होता? दूरच्या स्पर्शावरच्या एका डिजिटल कलाकृतीचे प्रकरण

हे प्रकरण कोठले, कोणाचे

२०२३ च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आगेमागे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात हे घडले. कलाकृती माझी होती आणि तिच्याबद्दलचे निर्णयही मीच घेत होते, त्यामुळे चुकांची जबाबदारीही माझीच. गाव, माणसे आणि जहाज ओळखता येईल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. ज्यांच्याभोवती हे सगळे फिरले त्यांना इथे काकी म्हटले आहे, कारण गाव त्यांना काकीच म्हणते. काकी घरात कोंकणी बोलतात, पोथी मराठी वाचतात. त्यांचे बोलणे मी बहुतेक मराठीत दिले आहे. लिहिलेले सगळे त्यांना वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे घरातले कोणी ना कोणी बाहेर असतेच. कोणी आखातात, कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडात स्विंडनला. जहाजावरचे तारवटी तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये क्रूझ जहाजांवरचे गोव्याचे अनेक तारवटी घरी परतता न आल्याने समुद्रावरच अडकले. त्या दिवसांत माझी आजी मामाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. बोलता बोलता तिने काचेतल्या त्याच्या गालावरून बोट फिरवले. बोट खाली लाल बटणावर गेले आणि कॉल तुटला. तिला वाटले, त्यानेच फोन ठेवला. पुढचा अर्धा तास ती गप्प बसून होती.

आजीच्या त्या बोटाला पलीकडे काहीतरी भेटायला हवे होते, एवढ्याच विचारातून ही कलाकृती सुरू झाली. इथे तिला ‘तळहात’ म्हणू.

रचना साधी होती. गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचे मेज केले आणि त्यात ४३ इंची टचस्क्रीन आडवा बसवला. मेजाशी बसलेले माणूस काचेवर हात ठेवते. दूरचे माणूस आपल्या मोबाइलवर लिंक उघडून बोटे टेकवते. मोबाइलला तळवा कळत नाही. हात फोनवर ओझरता टेकला तर तो चुकीचा स्पर्श समजून सोडून द्यावा, अशीच त्याची घडण असते. म्हणून आम्ही फक्त पाच बोटांची टोके घेतली आणि त्यांवरून प्रोग्रामने बाकीचा हात काढला. तांदळाच्या ओल्या पिठात बुडवून भिंतीवर उठवलेल्या ठशासारखा, पांढरा, कडा थोड्या फुटलेल्या. दोन ठसे एकमेकांवर आले की त्या जागी हळदीचा रंग चढायचा, थांबून राहिले तर केशरी व्हायचा. अँड्रॉइड फोन हलके थरथरायचा. आयफोनच्या ब्राउझरमध्ये तशी सोय नव्हती, म्हणून तिथे फक्त रंग.

कलेच्या जगात हा विचार नवा नाही. अमेरिकेत मायरन क्रूगरने १९७० च्या दशकात माणसांच्या प्रतिमा एकाच पडद्यावर आणून पाहिल्या. पडद्यावर दुसऱ्याच्या हाताची प्रतिमा आपल्या हातावर आली की माणसे आपला हात मागे घेतात, हे त्याच्या लक्षात आले. प्रतिमेला लागलेला धक्का अंगाला लागल्यासारखा वाटतो. १९८० मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ यांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या रस्त्यांवरचे दोन पडदे तीन संध्याकाळ उपग्रहाने जोडले. पहिल्या दिवशी लोक अवचित थबकले, पुढच्या दिवसांत नातेवाईक ठरवून समोरासमोर येऊ लागले. १९९२ मध्ये पॉल सर्मनने दोन जागी दोन पलंग मांडून एकावरच्या माणसाची प्रतिमा दुसऱ्यावर पाडली. १९९७ मध्ये एमआयटीत स्कॉट ब्रेव्ह आणि हिरोशी इशी यांनी लाकडी रुळांची जोडी केली. एक रूळ फिरवला की दूरचा रूळ दुसऱ्याच्या तळव्याखाली फिरायचा.

ही सगळी कामे मी नीट अभ्यासली होती. तरी त्यांतली एक गोष्ट मला दिसली नाही. या प्रत्येक कामात पलीकडे त्या क्षणी खरोखर कोणीतरी होते.

स्पर्शाच्या विज्ञानातूनही आम्ही एक गोष्ट उचलली. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीने कुरवाळले की त्वचेतले काही विशिष्ट मज्जातंतू सर्वाधिक जागे होतात आणि माणसाला बरे वाटते. म्हणून त्याच गतीने बोट फिरले तर रंग गडद व्हावा, असे केले. हे मज्जातंतू मुख्यतः केसाळ त्वचेत असतात, हाताच्या पाठीवर, बाहूवर. तळव्याला ते जवळजवळ नसतातच. शिवाय काच गुळगुळीत आणि गार. म्हणजे आमची गती डोळ्यांना सुखावणारी होती एवढेच, हे माहितीपत्रकात लिहायला हवे होते. आम्ही तिथे ‘विज्ञानावर आधारित स्पर्श’ असे छापले. आज ते वाक्य मी छापणार नाही.

काकी

काकींनी सत्तरी ओलांडली आहे. घरात एकट्या. मुलगा मालवाहू जहाजावर, नऊ-नऊ महिने समुद्रावर. ‘नवरा गेला आणि कांकणकाराने हात धरणेही संपले,’ असे त्या पहिल्याच दिवशी सहज म्हणाल्या. कांकणकार म्हणजे बांगड्या भरणारा. मी ते वाक्य वहीत लिहून घेतले. पुरते समजायला वेळ लागला. माणूस एकटे पडले की किती साध्या निमित्तांनी होणारे स्पर्शही बंद होतात, हे मला तोवर दिसलेच नव्हते.

पहिल्या दिवशी काचेला त्यांचा हात कळलाच नाही. टचस्क्रीनला त्वचेतल्या ओलाव्यामुळे विजेच्या क्षेत्रात होणारा बदल जाणवतो. काकींची बोटे आयुष्यभर आदोळीवर नारळ खवून, शेतात खपून टोकांना जाड आणि कोरडी झाली आहेत. त्यांनी तीनदा बोटे टेकवली. ठसा उमटला नाही. मग पोथीचे पान उलटताना लावतात तशी त्यांनी बोटे जिभेला लावली, पुन्हा टेकवली आणि पाची टोके एकदम उजळली. काकी हसल्या. आम्ही त्या रात्री पडद्याची संवेदनशीलता वाढवली. त्याचा उलटा त्रास असा झाला की पावसाळी हवेत काचेवर थेंब पडला तरी भुताचे बोट उमटायचे. ग्रंथपालांनी मेजाशी कोरडे फडके टांगले आणि प्रश्न सोडवला.

दुसऱ्या दिवसापासून काकींचा मुलगा बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरून लिंक उघडू लागला. दुपारी तीनच्या सुमाराला, जेवण आणि वामकुक्षी आटोपून, काकी मेजाशी येत. मायलेक दहा-पंधरा मिनिटे बसत. बोलणे नाही, चेहरा नाही, नुसते हात.

पहिला निर्णय: अनोळखी हात

उद्‌घाटन चवथीच्या दहा दिवस आधी होते. निधी देणाऱ्या संस्थेचे पाहुणे सकाळी अकराला येणार आणि त्या वेळी आखातातली, इंग्लंडातली माणसे कामावर किंवा झोपेत. पडदा रिकामा दिसेल ही भीती सगळ्यांना होती, मला सर्वांत जास्त. म्हणून लिंक सगळ्यांना खुली ठेवली. ज्याला वाटेल त्याने यावे, हात टेकवावा.

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातली एक मुलगी मेजाशी बसली होती. कोणातरी अनोळखी माणसाचा ठसा तिच्या ठशामागे धावू लागला. तिने हात डावीकडे नेला, तो डावीकडे आला. कोपऱ्यात नेला, कोपऱ्यात आला. तिने झटकन हात उचलला आणि ओढणीत गुंडाळून घेतला. आजूबाजूची मुले हसली, कारण पडद्यावर काय झाले? पांढऱ्या दोन ठशांची पकडापकडी. पण तिचा चेहरा मी पाहिला. क्रूगरने लिहिलेले मी वाचून विसरले होते, ते त्या ओढणीत गुंडाळलेल्या हाताने मला परत शिकवले.

खुली लिंक त्याच रात्री बंद केली. प्रत्येक कुटुंबाला वेगळी, खाजगी लिंक दिली. हा निर्णय बरोबर होता, फक्त तीन दिवस उशिरा झाला. त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली.

दुसरा निर्णय: रिकाम्या पडद्याचे काय करायचे

खरी चूक इथे आहे. तेव्हा ती चूक वाटलीच नाही, म्हणून त्या रात्रीची चर्चा सविस्तर सांगते. आम्ही चौघे होतो: मी, प्रोग्राम लिहिणारा मुलगा, इलेक्ट्रॉनिक्स बघणारी मैत्रीण आणि ग्रंथपाल.

पर्याय चार होते. पडदा रिकामा ठेवायचा आणि ‘आत्ता पलीकडे कोणी नाही’ असे लिहायचे. किंवा लिंक फक्त ठरलेल्या वेळी चालू करायची. किंवा आधी येऊन गेलेल्या हातांचे साठवलेले ठसे दाखवायचे, पण ते जुने आहेत हे स्पष्ट दिसेल असे. किंवा तेच जुने ठसे, काहीही न सांगता.

मैत्रीण पहिल्या पर्यायाच्या बाजूने होती. ‘रिकामे आहे तर रिकामे दिसू दे,’ ती म्हणाली. ग्रंथपालांना वेळ ठरवलेली आवडली असती, त्यांचे वाचनालय तसेच चालते. मी चौथा पर्याय निवडला. माझे म्हणणे असे की ठशावर तारीख लिहिली तर जादू जाते, आणि ही कलाकृती आहे, कार्यालयातली नोंदवही नव्हे. शिवाय हे ‘तात्पुरते’ होते. चवथ उरकली की काढू, असे ठरले. कधी काढायचे, कोणी काढायचे, हे कोणी लिहिले नाही.

त्यावर मी आणखी एक गोष्ट करायला सांगितली. साठवलेला ठसा जिवंत हाताजवळ हळूच सरकावा, म्हणजे दोघांची गाठ पडेल आणि रंग चढेल. कोडच्या मोजक्या ओळी. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाने विचारले, ‘ताई, हे दाखवताना सांगायचे ना?’ मी म्हटले, नंतर बघू. त्याचा प्रश्न नेमका होता आणि तो विचारण्याची वेळही नेमकी होती. उत्तर मी टाळले.

लिंक खाजगी असल्यामुळे प्रोग्राम ज्या कुटुंबाची लिंक उघडी असेल त्याच कुटुंबातले जुने ठसे निवडायचा. म्हणजे काकी बसल्या की त्यांच्या मुलाचेच.

काय घडले

चवथीच्या चार दिवस आधी मुलाचे जहाज बंदर सोडून गेले. पुढे त्याच्या जहाजावरचे इंटरनेट बिघडले. काकी रोज तीनला येत होत्या आणि रोज मुलाचा हात त्यांना भेटत होता. अकरा दिवस.

मधल्या काळात एक खूण आम्हाला मिळाली होती. काकी ग्रंथपालांना म्हणाल्या, ‘आता नेट चांगले झालेय.’ आधी मुलगा खरा असताना ठसा अडखळायचा. त्याच्या जहाजावरचा संपर्क भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहावरून होता, आणि तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच सुमारे पाव सेकंद, त्याचे उत्तर परत यायला आणखी पाव. काकींचा हात हलला, की मुलाचा हात अर्ध्या सेकंदाहून उशिरा त्याच्यामागे यायचा. साठवलेल्या ठशाला उपग्रह नव्हता. तो लगेच जवळ सरकायचा. खोटा हात खऱ्यापेक्षा अधिक जवळचा झाला होता आणि आम्ही ते ‘नेट सुधारले’ म्हणून ऐकून सोडून दिले.

१९ सप्टेंबरला चवथ होती. संध्याकाळची आरती झाल्यावर काकी थेट वाचनालयात आल्या. ग्रंथपालांनी त्यांच्यासाठी तासभर दार उघडले होते. मी तिथे होते. आरती घेतल्यावर ज्योतीवरून फिरवलेले हात आपण पोराच्या डोक्यावरून, तोंडावरून फिरवतो. काकींनी घरी आरती घेऊन ते हात पदराखाली झाकून आणले होते, ऊब जाऊ नये म्हणून. वाटेत ती गेलीच असणार. त्यांनी दोन्ही तळवे काचेवर ठेवले. मुलाचा ठसा आला, जवळ सरकला, हळदीचा झाला, केशरी झाला. काकी पुटपुटत होत्या. मला ते दृश्य इतके सुंदर वाटले की मी फोटो काढला.

तो ठसा आठ दिवसांपूर्वीचा होता. मला ते माहीत होते, की त्या क्षणी आठवले नाही? प्रामाणिक उत्तर असे की मला माहीत होते आणि मी त्याचा विचार केला नाही.

आठवड्याने इंटरनेट दुरुस्त झाले आणि मुलाने आईला फोन केला. चवथीला फोन करता आला नाही म्हणून तो हळहळत होता. काकी म्हणाल्या, ‘फोन नाही केलास तरी काय झाले, आरतीचे हात घेतलेस ना.’ त्याला काही कळेना. त्याने रात्री मला व्हॉट्सअॅपवर विचारले, मी अकरा दिवस लिंक उघडली नाही, मग आई कोणाबद्दल बोलतेय?

तिसरा निर्णय: सांगायचे की नाही

मी मुलाला सगळे सांगितले. त्याचे पहिले उत्तर होते, ‘असू दे. तिला बरे वाटले ना. सांगू नका.’ ग्रंथपालांचेही तेच मत. म्हातारीच्या चवथीच्या आरतीवर बोळा कशाला फिरवायचा, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि ते मत मी हलके मानत नाही.

दुसऱ्या बाजूला दोन गोष्टी होत्या. एक, काकी उद्याही तीनला येणार होत्या. गप्प राहणे म्हणजे झालेली गोष्ट झाकणे नव्हते. ती रोज नव्याने करत राहणे होते. दुसरी गोष्ट मुलाची. त्याने लिंक उघडताना हात ‘आत्ता, थेट’ दाखवायला होकार दिला होता. साठवून, तो नसताना, त्याच्या नावाने आईसमोर ठेवायला त्याने होकार दिलेला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे, की संमती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरतीच ती असते. पण कायदा नसता तरी हे कळायला हवे होते. माणसाचा हात त्याला न विचारता पुढे करणे म्हणजे काय, हे सांगायला कायदा कशाला लागतो?

मी साठवलेले ठसे त्याच रात्री बंद केले. सांगायला मात्र आणखी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत काकी तीनला येऊन रिकाम्या काचेसमोर बसून गेल्या. त्यांना वाटले, मुलगा रागावला. या दोन दिवसांचे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते. ठसे बंद करणे आणि सांगणे या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्या होत्या.

मुलगा शेवटी म्हणाला, सांगायचे असेल तर मी फोनवर असेन. आम्ही काकींच्या घरी सोप्यावर बसलो, फोन स्पीकरवर ठेवला. मी सांगितले: मुलगा नसताना पडद्यावर त्याचे जुने ठसे येत होते, ते मी ठेवायला सांगितले होते, आणि हे तुमच्यापासून लपवले. तांत्रिक काही सांगितले नाही. काकींनी मध्ये एकही शब्द काढला नाही. मग आपल्या हाताकडे बघत विचारले, ‘मागीर हांवें कोणाचो हात धरिल्लो?’ मग मी कोणाचा हात धरला होता?

मी म्हटले, त्याचाच, पण आधीचा. त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळले नाही. फोनवर मुलगा रडत होता. काकी त्याला म्हणाल्या, ‘जेवलास?’

पुढचे आठ दिवस त्या वाचनालयात आल्या नाहीत.

काय बदलले

त्या आठ दिवसांत आम्ही मूळ पर्यायांकडे परत गेलो. पडदा तेव्हापासून रिकामा राहू लागला. कोपऱ्यात एकच ओळ यायची: ‘आत्ता पलीकडे कोणी नाही.’ साठवलेला ठसा हवाच असेल तर मागून घ्यावा लागायचा. तो निळा, तुटक रेघेचा दिसायचा, वर तारीख आणि वेळ असायची आणि तो जागचा हलायचा नाही. जवळ सरकवणाऱ्या ओळी काढून टाकल्या. ठसा साठवायचा की नाही, हे दूरच्या माणसाला दर वेळी वेगळे विचारले जायचे, आणि नको म्हटले तरी भेट तशीच चालू राहायची. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हवी म्हणून शाळेच्या मुलांचा गट आम्हाला पुढे ढकलावा लागला.

एक प्रश्न तरी उरलाच. पलीकडे कोणी आहे, हे रंग सांगतो. पण रंग आमचाच. एकदा फसलेल्या माणसाने आमच्या रंगावर का विश्वास ठेवावा?

उत्तर काकींनी दिले. नवव्या दिवशी त्या आल्या, काचेसमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘तो आहे हे मला तुम्ही सांगू नका. मी विचारीन, तो सांगेल.’ त्यांचे यजमान चवथीच्या आरतीला घुमट, म्हणजे मातीचे तालवाद्य, वाजवायचे. मुलगा त्यांच्याकडूनच शिकला. आरती संपताना यजमान एक तुकडा अर्धाच वाजवून थांबायचे आणि पोराने तो पुरा करायचा, असा घरातला खेळ होता. काकींनी बोटांनी काचेवर तो अर्धा तुकडा वाजवून दाखवला. ‘हा तुमच्या मशीनला येत नाही.’

मशीनला फक्त ठोके पोचवायचे होते. काकींनी काचेवर वाजवले की मुलाच्या फोनला तीच थाप थरथरून जाईल, आणि त्याची थाप मेजाखाली बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून लाकडात येईल. फणसाच्या लाकडात ती हाताला जाणवते. काच जे देऊ शकत नव्हती ते लाकडाने दिले. मेज फणसाचे केले ते निव्वळ दिसायला बरे म्हणून, त्यामुळे याचे श्रेय आमचे नाही.

उपग्रहाची अडचण तशीच होती. दोघांनी एकदम वाजवायचे म्हटले तर ताल जुळणे शक्यच नाही. मी प्रोग्रामने उशीर झाकायचा विचार करत होते, म्हणजे पुन्हा एक छोटी लबाडी. काकींनी विचारले, एकदम कशाला वाजवायचे? धालोत, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या लोकनृत्यात, बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफलेले. एक रांग म्हणते, वाकते, थांबते. मग दुसरी झेलते. मधल्या थांबण्याला तिथे कोणी बिघाड म्हणत नाही. आम्ही तशीच आळीपाळी ठेवली: काकी वाजवणार, हात काचेवर तसाच ठेवून थांबणार, मग उत्तर येणार. अर्धा सेकंद उशीर त्यात कोणाला खुपला नाही.

परिणाम

मेज दिवाळीपर्यंत चालले. मेजाशी बसणाऱ्यांची संख्या सप्टेंबरच्या मानाने कमी झाली, हे खरे आहे. एका कुटुंबाने निळा ठसा आणि त्यावरची तारीख पाहून येणेच सोडले. दुसऱ्या दोन घरांनी काकींचे पाहून आपापल्या खुणा केल्या. एका मुलीने शारजातल्या वडिलांशी दाराची कडी वाजवण्याची खूण ठरवली. निधी देणारी संस्था शेवटच्या भेटीला आली तेव्हा पडदा रिकामा होता. त्यांना आवडले नाही, आणि त्यांना मी आधी समजावून सांगायला हवे होते.

काकींचे आणि माझे संबंध पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. त्या माझ्याशी बोलतात, घरी गेले तर चहा करतात. पण मेज असेपर्यंत पडद्यावर काही नवे दिसले की आधी ग्रंथपालांना विचारायच्या, मला नाही.

आज करायचे झाले तर

रिकामा पडदा दोष मानूनच मी सुरुवात केली, तिथेच वाट चुकली. वाट बघणे हाही या मेजाचा भाग आहे हे मी मान्य केले असते, तर पुढचे सारे टळले असते. उद्‌घाटनाची वेळ पाहुण्यांनी ठरवली. ती पलीकडच्या माणसांच्या सवडीने, रात्री नऊला ठेवता आली असती.

‘तात्पुरते’ म्हणून जे करू त्यावर काढण्याची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव त्याच वेळी लिहायचे, हे आता माझ्या कामाच्या वहीत पहिल्या पानावर आहे. आणि संघातल्या सर्वांत लहान माणसाने ‘हे सांगायचे ना?’ असे विचारले, तर उत्तर मिळाल्याशिवाय काम पुढे जाऊ द्यायचे नाही.

सांगण्याचा निर्णय मी पुन्हाही घेईन, पण मुलाशी आणखी बोलून. त्याने ‘सांगू नका’ म्हटले होते. शेवटी तो फोनवर आला, पण माझ्या मनाची तयारी झाल्यावर त्याने माघार घेतली, असे मला अजून वाटते. आई त्याची होती. एक-दोन तास बोलून त्याला हे स्वतःहून म्हणू द्यायला हवे होते. काकींना घरी जाऊन सांगितले ते बरोबर झाले. वाचनालयात सांगितले असते तर त्यांना उठून आत जाण्याची सोयही राहिली नसती.

तो फोटो मी कोणत्याही प्रदर्शनात लावलेला नाही.

ठशांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. डिसेंबरात मेज आवरताना सगळ्या कुटुंबांना विचारून साठवलेले ठसे पुसले. काकींच्या मुलाचे बाकीचे पुसले, पण चवथीच्या संध्याकाळी आला तो एक राहिला आहे. मुलगा म्हणतो, आईला विचारा, हात तिने धरला होता. काकी म्हणतात, त्याला विचार, हात त्याचा आहे. ती फाईल एका ड्राइव्हवर कुलूपबंद आहे, आणि दोघे एकत्र घरी असतील तेव्हा मी ती घेऊन जाणार आहे.